वीतभर चढ

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नवल करायला नको. झाशीत इलाइट चौराह्याजवळ एका कपड्याच्या दुकानावर माझी खोली आहे. दोन संगणक, एक प्रिंटर आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देणारा कूलर. खाली पाटीवर काहीतरी भारदस्त लिहिलंय, पण बाजारात मला सगळे ‘नक्शेवाली दीदी’च म्हणतात. घरांचे नकाशे मी काढते ते खरं, पण माझं निम्मं आयुष्य त्याच्या आधीच्या कामात गेलं. ते काम कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचं कुणी कौतुकही करत नाही.

काम असं. सर्व्हेवाला जमीन मोजतो आणि फाइल पाठवतो. ती उघडली की पडद्यावर वाकड्यातिकड्या रेषा येतात. एका रेषेवरची सगळी जागा एका उंचीची, असा त्यांचा अर्थ. वरून बघितलं तर वाटतं, वा, सगळं तयारच आहे की! पण तेच चित्र फिरवून बाजूनं बघायचा अवकाश, सगळ्या रेषा एका पातळीत, पापड वाळत घातल्यासारख्या. उंची कुठे गेली? तर ती रेषेशेजारी आकड्यात लिहिलेली. तुम्हाआम्हाला तो आकडा वाचता येतो, संगणकाला ते नुसतं चित्र. मग बसा एकेक रेषा धरून तिच्या तिच्या उंचीवर उचलत. आकडा लिहायला जागा हवी म्हणून रेषा मधे तोडलेली असते, ती सांधा. एक आकडा चुकला की सपाट शेतात विजेचा खांब उभा राहिल्यासारखा सुळका निघतो, तो शोधून काढा. हे सगळं निस्तरलं की त्या रेषांवर संगणकाकडून एक पृष्ठभाग ताणून घ्यायचा, आणि मग कुठे खरी जमीन हाताशी येते. तिच्यावर घर ठेवून बघता येतं, पाणी कुठून कुठे वाहील ते कळतं. जमीन चुकली तर वरचं सगळंच चुकतं.

काका आणि काकू माझ्याकडे आले ते एका पावसाळ्याच्या शेवटी. नात्याचे कुणी नव्हेत. काका रेल्वेत गार्ड होते, मूळचे भुसावळकडचे. बदलीवर झाशीला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. आम्ही इथले जुने, फौजेबरोबर आलेल्या कुणा पूर्वजाचे वंशज, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुझं बोलणं म्हणजे हिंदीला मराठीची फोडणी आहे गं.” मी म्हटलं, “काकू, फोडणी तरी आहे. माझ्या मुलीकडे तर नुसतं साधं वरण.” त्या खळखळून हसल्या आणि आमचं जमलं.

काकू चाकांच्या खुर्चीत होत्या. सहा वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं आणि पाय गेले. हात मात्र दणकट, खुर्ची स्वतः ढकलायच्या. पण ते राहायचे त्या भाड्याच्या घराला दारात तीन पायऱ्या. बाहेर पडायचं म्हणजे काका हवेत, शिवाय उचलायला शेजारचं कुणीतरी हवं. माझ्या ऑफिसलाही जिना, म्हणून आमची ती भेट खाली दुकानदाराच्या गल्ल्याशेजारीच झाली. काका नकाशाबद्दल बोलत होते, किती खोल्या, गच्ची हवी की नको. काकूंनी त्यांना मधेच तोडलं.

“मला मोठं घर नको. मला कुणालाही हाक न मारता फाटकाबाहेर जाता आलं पाहिजे. सहा वर्षं झाली, एकटीनं उंबरा ओलांडलेला नाही मी. ते जमत असेल तर काढ नकाशा, नाहीतर आम्ही आहोत तिथे बरे आहोत.”

“जमेल,” मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

प्लॉट बरुआसागरच्या रस्त्याला होता. रस्त्यापासून मागे चढत गेलेली जमीन, रुंदीला चाळीस फूट आणि खोलीला भरपूर. आता चढाचा हिशेब सांगते, फार नाही. खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत एक फूट वर जायचं तर उतरंड, म्हणजे रॅम्प, बारा फूट लांब हवी. त्याहून आखूड केली की माणूस लागतो मागे. म्हणजे फाटकापासून दारापर्यंत जमीन नेमकी किती चढते, यावर काकूंचं सगळं अवलंबून होतं.

सर्व्हेवाले भैया माझे जुने. मोजणी त्यांनी दोनदा केली. पहिल्या वेळी पुढचा अर्धा भाग, कारण मागे शेजाऱ्यानं पेरलेलं तिळाचं पीक उभं होतं. ते कापल्यावर, दसऱ्यानंतर, मागचा भाग. दोन फायली आल्या, मी दोन्ही जोडल्या, रेषा उचलल्या, पृष्ठभाग ताणला. आणि बघते तर जमिनीला मधोमध एक पायरी! पुढचा भाग चढत येतोय, मग एकदम वीतभर खाली, आणि तिथून पुन्हा चढतोय.

आता, जमीन कधी फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ मोडत नाही. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्या आठवड्यात हातात आणखी तीन कामं होती आणि कूलर बंद पडला होता. मी मनाशी ठरवून टाकलं की जुना बांध असेल, मोजताना वर-खाली झालं असेल. संगणकाला सांगितलं, दोन्हीकडून थोडं थोडं घे आणि गुळगुळीत कर. त्यानं केलं. इस्त्री फिरवल्यासारखी जमीन झाली. फाटकापासून दारापर्यंत, जोतं धरून, चढ आला सव्वातीन फूट. म्हणजे एकोणचाळीस फूट उतरंड, मधे दम खायला पाच फूट सपाट जागा, एकूण चव्वेचाळीस. फाटक ते दार सरळ अंतरही चव्वेचाळीस! मी स्वतःवर इतकी खूश झाले की खालच्या दुकानदाराला चहा पाजला.

भूमिपूजनाच्या आदल्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेले. उतरंडीवर एक छोटीशी खुर्चीही काढून ठेवली होती, कौतुकानं. काकांनी “वा, वा” केलं. काकू मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या.

“हे असं नाहीये गं,” त्या म्हणाल्या.

“कसं नाहीये?”

“मला ह्यांनी दोनदा नेलंय तिथे. अर्ध्यापर्यंत नीट ढकलतात. मग जिथून तिळाचं रान लागतं, तिथून ह्यांना धाप लागते. दोन्ही वेळा तिथेच. तुझ्या चित्रात तर तिथे उलट सपाटी आहे.”

“काकू, मशीननं मोजलंय. काकांचं वय झालं, धाप लागणारच,” मी म्हटलं. काकांनी मान खाली घातली. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला होता. माझ्या चव्वेचाळीस फुटांना कुणी हात लावलेला मला चालणार नव्हता.

काकू शांतपणे म्हणाल्या, “हे सहा वर्षं माझ्यामागे चालतायत. ह्यांचा श्वास कुठे चढतो ते मला तुझ्या मशीनपेक्षा जास्त कळतं.”

घरी येताना ऑटोतच लॅपटॉप उघडून पुन्हा बघितला. काकू बोट दाखवत होत्या ती जागा नेमकी माझ्या इस्त्रीची होती.

सकाळी नऊलाच मी प्लॉटवर हजर. मुहूर्त पावणेबाराचा. मिस्त्रीजी चुना आणि दोऱ्या घेऊन आखणीला आलेले. मी म्हटलं, “आधी पाण्यानं बघू.” पाण्याची नळी मिस्त्री लोकांकडे असतेच. पारदर्शक लांब पाइप, पाणी भरायचं, एक टोक इथे, एक टोक तिथे. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. बॅटरी नाही, फाइल नाही, खोटं बोलायची सोय नाही. एक टोक मी फाटकाशी धरलं, दुसरं त्यांनी दाराच्या खुंटीपाशी. दोनदा बघितलं.

“दीदी, नक्शे में सवा तीन लिखा है आपने,” मिस्त्रीजी वरून ओरडले. “यहाँ तो प्लिंथ मिला के पूरा चार आ रहा है!”

चार फूट. म्हणजे उतरंड अठ्ठेचाळीस, अधिक विसाव्याचे पाच, त्रेपन्न. जागा चव्वेचाळीस. आहे त्या जागेत कोंबली असती तर चढ असा झाला असता की काकूंना जन्मभर कुणीतरी ढकलायला लागलं असतं. पक्कं काँक्रीट, स्वतःचं घर, आणि पुन्हा हाक मारणं आलंच. आणि मी काय केलं? चूक आपली असली की माणूस जे करतो तेच. सर्व्हेवाल्या भैयांना फोन लावला आणि तोंड सोडलं.

“काय मोजलंत हो तुम्ही? डोळे मिटून मोजलंत का?” हे सगळं हिंदीत, आणि हिंदीत मला रागवायला जास्त चांगलं जमतं.

ते बिचारे टहरौलीच्या कामाला निघाले होते. मोटरसायकल वळवून पाऊण तासात आले. घामाघूम. “दीदी, बीस साल हो गए नापते हुए। दोनों बार एक ही जगह से चला हूँ। वही चबूतरा, वही कोना।”

मोजणीला एक पक्की जागा लागते, जिची उंची शंभर धरायची आणि बाकी सगळं तिच्यापासून वर-खाली मोजायचं. खुंटी ठोकली तर बकऱ्या उपटतात, नाहीतर कुणी चुलीत घालतं. रस्त्याकडेचा दगड सडक रुंद होताना जातो. म्हणून आमच्याकडे सर्व्हेवाले गावच्या देवाचा चबुतरा धरतात. त्याला कुणी हात लावत नाही. प्लॉटच्या समोरच, रस्त्यापलीकडे पिंपळाखाली तसा चबुतरा होता.

“चला, दाखवा तुमचा कोपरा,” मी म्हटलं.

गेलो. आणि बघते तो काय, चबुतरा लखलखतोय! सभोवती नव्या पांढऱ्या टाइल्स, अजून कडेला सिमेंटचे शिंतोडे. एक बाई झाडत होती. तिला विचारलं, “हे कधी झालं?” ती म्हणाली, “अबकी नौरातन में बनो है. हमाए जेठ की मन्नत पूरी भई ती.” नवस फेडला होता. जुन्या चबुतऱ्यावर दोन थर विटा, वर मसाला, वर टाइल.

भैया पहिल्या वेळी नवरात्राच्या आधी आले होते. दुसऱ्या वेळी दसऱ्यानंतर. दोन्ही वेळा त्याच कोपऱ्यावर मोजणीची काठी ठेवली, दोन्ही वेळा शंभर लिहिलं. नव्या टाइल्स त्यांनी पाहिल्या नव्हत्या असं नाही. पाहून नमस्कारही केला होता. फक्त देव वर आला म्हणजे आपला शंभरही वर आला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. देवाचा चबुतरा कुणी तोडत नाही, हे अगदी खरं. पण वाढवतात ना!

मी टेप लावला. जुना दगड खाली दिसत होता, तिथून टाइलपर्यंत नऊ इंच. नेमकी वीतभर.

काय सांगू, जीव भांड्यात पडला! मी तिथेच पायरीवर बसले आणि हसायला लागले. भैया घाबरून बघायला लागले. त्यांना वाटलं, आता ही रागाच्या पलीकडे गेली. पण मला सुटल्यासारखं झालं होतं. चूक कुठे आहे हे कळत नसेल तर सगळ्या जमिनीवरचा भरवसा उडतो, प्रत्येक रेषा खोटी वाटते. इथे एकही रेषा खोटी नव्हती. मागचा अख्खा भाग बरोबर मोजलेला होता, फक्त वीतभर खाली ठेवलेला. तो तेवढा उचलला की झालं. आणि खोटी जी एकच गोष्ट होती, ती माझी इस्त्री. भैयांच्या मोजणीनं तर ओरडून सांगितलं होतं की इथे काहीतरी बिघडलंय, आणि मीच ते पुसून टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी.

“भैयाजी, माफ करा,” मी म्हटलं. त्यांनी कान धरले, म्हणाले, “नहीं दीदी, चबूतरा तो हमें देखना था।” मग दोघांनी देवाला नमस्कार केला. देवानं काही वाईट केलं नव्हतं आमचं.

तोवर काका-काकू गाडीतून येऊन पोचले. सव्वादहा वाजले होते. मी गाडीच्या दाराशी काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. चबुतऱ्याचंही, आणि पायरी दिसत असून मी ती पुसली हेही. काकांच्या धापेवरून बोलले त्याची त्यांच्याकडे माफी मागितली. ते म्हणाले, “अहो ताई, जाऊ द्या, वय झालंय हेही खोटं नाही.”

काकू म्हणाल्या, “माफी-बिफी नंतर माग. मी बाहेर जाऊ शकणार आहे का नाही, ते आधी सांग.”

खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. वाळूच्या ढिगावर बसून लॅपटॉप उघडला. नशीब, मूळ फायली जपून ठेवल्या होत्या. मागच्या भागाच्या सगळ्या रेषा निवडल्या आणि नऊ इंच उचलल्या. पायरी नाहीशी. पुढच्या रेषा मागच्या रेषांना अशा जाऊन मिळाल्या की डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण त्रेपन्न फूट आणायचे कुठून? जोतं खाली घ्यावं तर मागून येणारं पावसाचं पाणी थेट घरात. फाटक पुढे सरकवावं तर सरकारी रस्ता.

मी त्या रेषांकडे बघत बसले. डोंगरावर गुरं कधी सरळ चढत नाहीत, तिरकी जातात. रेषा तेच सांगत होत्या. सरळ काटशील तर चढ उभा लागेल, आमच्या बाजूनं तिरकी ये. फाटक डाव्या कोपऱ्यात होतं. दार डाव्या हाताऐवजी उजव्या हाताला नेलं, तीस फूट पलीकडे, तर? तिरकी रेघ ओढली आणि लांबी विचारली. त्रेपन्नच्या किंचित वर.

मी इतक्या जोरात ओरडले की मिस्त्रीजींच्या हातातला चुना सांडला.

मग घर आरशात बघितल्यासारखं उलटं केलं, ते एका क्षणाचं काम. काका जरा चुळबुळले. “स्वयंपाकघर आग्नेयेला होतं हो, ते आता भलतीकडे जातंय.” काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला त्यांची कीव आली. “सहा वर्षं आग्नेयेला बसूनच आहे मी,” त्या म्हणाल्या. “आखा चुना.”

पावणेबाराला नारळ फुटला. मिस्त्रीजींनी नव्या रेघेवर चुना टाकला आणि काकूंनी हट्ट धरला की आत्ताच बघायचं. कच्च्या जमिनीवर, ढेकळांतून, त्या तिरक्या पांढऱ्या रेघेवरून त्यांनी स्वतः खुर्ची ढकलली. वरपर्यंत नाही गेल्या, मातीत चाक रुतलं. पण तिळाच्या रानाची हद्द ओलांडून सात-आठ फूट पुढे गेल्या, आणि मागे काका नुसते हात पुढे करून चालत होते, खुर्चीला न लावता. धाप कुणालाच लागली नाही. मी घरी जाऊन दुपारी चार तास झोपले.

पुढच्या थंडीत घर उभं राहिलं. राहायला गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, एका रविवारी सकाळी, मी सहज गेले. फाटक सताड उघडं. काका अंगणात, पायात एकच चप्पल, चेहरा पांढराफटक.

“ताई, ही कुठे दिसली का तुम्हाला रस्त्यात? मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर घरात नाही. सगळ्या खोल्या बघितल्या, मागे बघितलं. फोन इथेच ठेवून गेलीय.”

मी त्यांच्याबरोबर धावले. धावले म्हणजे काय, ते पुढे आणि मी मागे. रस्ता जिथे वळतो तिथे पलीकडे आल्याचं शेत होतं, काढणी चालू होती. कडेला खुर्ची दिसली. काकूंच्या मांडीवर पदरात मातीसकट आलं, आणि शेतातल्या दोन बायकांशी त्यांचं तारस्वरात भाव ठरवणं चाललेलं, काकूंची हिंदी आणि त्यांची बुंदेली. चाकांना लाल माती लागलेली.

काका पोचले आणि एकदम ओरडले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. “अगं, सांगून जायचं ना! जीव गेला असता माझा!”

काकूंनी मान वर करून पाहिलं. “सांगितलं असतं तर तुम्ही आला असता,” त्या म्हणाल्या.

काका रस्त्याकडेला मटकन खालीच बसले. चप्पल नसलेल्या पायाची माती त्यांनी झटकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सात वर्षांत पहिल्यांदाच हो ताई. ही कुठेय, ते मला माहीत नव्हतं.” आणि रडायला लागले, आणि हसायलाही. त्या दोन बायका खुरपी थांबवून बघत होत्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

काकूंनी आलं पदरात नीट बांधलं. “तुम्ही दोघं व्हा पुढे, चहाला आधण ठेवा,” त्या म्हणाल्या. “मी येते माझी माझी.”